तुझी दुसरीतली वही

मनू बेटा,

काल तू फोन ठेवून दिला त्याचं मला वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं, पण चूक माझीच होती. तू एवढी खुशीत सांगून राहिली होती की अक्षरं मला रंगीत दिसतात, मॅडमनी त्याचं नाव सांगितलं, सिनेस्थेशिया, आणि मी पहिलं काय बोललो, तर डोक्याचा एमआरआय करून घे. आई पण चिडली माझ्यावर. पण मोठ्या काकांचं आपण सगळ्यांनी पाहिलं ना बेटा, मला डोकं म्हटलं की तेच आठवते.

मग रात्री दोनपर्यंत कूलरसमोर बसून वाचत होतो. मेंदूच्या खालच्या बाजूला मागे अक्षरं-आकडे ओळखणारा भाग आहे, आणि त्याला लागूनच रंगाचा, व्ही-फोर म्हणतात त्याला. महाल भागातल्या घरी कसं, भिंतीपलीकडे रेडिओ लागला की गाणं आपल्या खोलीत, तसं. रामचंद्रन म्हणून आहेत, चेन्नईत डॉक्टरकी शिकलेले, त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या हबर्ड नावाच्या संशोधकानं 2001 मध्ये हेच मांडलं की एक भाग जागा झाला की शेजारचाही होतो. खूप सारे 5 आणि त्यात थोडे 2 लपवलेले, तर तुझ्यासारख्यांना त्या 2 मिळून बनलेला आकार लवकर सापडतो, कारण त्यांना रंग वेगळा दिसतो. आणि 2002 मध्ये स्कॅनमध्ये दिसलं की नुसते शब्द ऐकवले तरी रंगाचा भाग कामाला लागतो. म्हणजे हे मनचं नाही.

तान्ह्या बाळाच्या मेंदूत जोडण्या खूप जास्त असतात, वाढता वाढता छाटल्या जातात, तुझ्या काही राहिल्या असतील असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात जोडण्या सगळ्यांनाच असतात, आमचा मेंदू उलटा येणारा सिग्नल दाबून ठेवतो, तुमचा तेवढा दाबत नाही. शंभरात साधारण 4 जणांना कोणता ना कोणता प्रकार असतो म्हणे, आणि घराण्यात चालतो. तिथं मी वाचता वाचता थांबलो. आजी म्हणायची ना, "पिवळी शिट्टी झाली, आता गॅस बंद कर"? आपण सगळे हसायचो तिला.

पण एक वाचलं ते मनातून जात नाही. लहानपणापासून असलं तर तो आजार नाही, मोठेपणी अचानक सुरू झालं तर मात्र दाखवून घ्यावं. म्हणून विचारतो, डोकं दुखते का तुझं? चक्कर वगैरे? मेसचं जेवण वेळेवर घेत जा, रात्री मोबाईल उशाशी नको, चहा किती पितेस तू, परीक्षेच्या नावाखाली जागरणं करतेस आणि मग... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. आज आईनं माळ्यावरून तुझी दुसरीतली गणिताची वही काढली. सगळे 7 हिरव्या स्केचपेननं, 3 गुलाबी, प्रत्येक पानावर. मला आठवलं. मी तुला गॅलरीत उभं केलं होतं त्या दिवशी, मे महिन्याच्या उन्हात, खोटं बोलू नको म्हणून, आणि तू रडत म्हणत होती, "पण बाबा, 7 हिरवाच आहे." त्यानंतर तू घरात कधी बोललीच नाही त्याबद्दल. तेरा वर्षं. साऱ्या नातेवाईकांचे फोन नंबर तुला पाठ, मी ऑफिसात सांगत फिरायचो माझी पोरगी किती हुशार, आणि कसे पाठ राहतात ते कधी विचारलं नाही. फाइनमनना, ते नोबेलवाले शास्त्रज्ञ, त्यांनाही समीकरणातली अक्षरं रंगीत दिसायची. हे वाचलं तेव्हा आईला झोपेतून उठवून सांगितलं.

म्हणतात ज्याला खरंच असतं त्याचे रंग वर्षानुवर्षं बदलत नाहीत. तर खाली मी साध्या काळ्या पेननं 0 ते 9 लिहिले आहेत. तुला आज कोणता कसा दिसतो ते पुढे लिहून पाठव. वही माझ्याजवळ आहे, मी एकेक जुळवून बघतो. जुळले तर मी एमआरआयचं नाव काढणार नाही.

आणि डोकं दुखते की नाही, तेही लिही.

बाबा