पळी माझ्या हातात, पण पूजा कोणाची?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

महालक्ष्म्या गेल्या, कोठ्या पुसून माळ्यावर चढल्या, फ्रीजमधली शेवटची पुरणपोळी पण संपली, पण एक गोष्ट डोक्यात फिरूनच राहिली म्हणून हे पत्र. जेवणाच्या दिवशी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडात नोकरीला आहे. बाजूला त्याच्या ऑफिसातला मित्र बसला होता, पन्नाशीचा, दाढीवाला गोरा. पुतण्या म्हणाला काका हा पेगन आहे, म्हणजे जुने निसर्गातले देव-देवी मानणारा, याला आपल्या महालक्ष्म्या दाखवा न. मी फोन फिरवून दोघी बहिणी, त्यांची पिल्लं, फुलोरा, सोळा भाज्या सगळं दाखवलं. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला, मग विचारलं, तुमच्याकडे याचा पुजारी कोण? मी म्हटलं, मीच की. मागे बायको हसली. बोलली काही नाही, नुसती हसली.

आता हसू का आलं ते सांगतो. सोवळं नेसून पाटावर मी बसतो हे खरं, गुरुजी म्हणतात हळद वाहा की मी हळद वाहतो, कुंकू म्हणतात की कुंकू. पण कोणत्या बहिणीला कोणतं पातळ नेसवायचं, आंबील किती आंबली पाहिजे, कथलीत काय पडतं, नैवेद्याच्या पानात काय कुठं वाढायचं, हे सगळं तिच्या डोक्यात, आणि तिच्या डोक्यात ते माझ्या आईनं घातलेलं. मी तर मूळ नक्षत्र कधी लागतं ते पण कॅलेंडरात पाहून सांगतो.

त्या माणसाकडं उलटं आहे. तो विक्का पंथाचा, म्हणजे पेगन लोकांतला चेटूकविद्या मानणारा पंथ. त्यांचा छोटा गट असतो, त्यात पहिला मान पुजारिणीचा, पुजारी तिच्या नंतर. पुरुषाला दीक्षा बाई देते अन् बाईला पुरुष. देवी आहे, आणि तिच्या जोडीला एक शिंगवाला देव आहे, रानाचा, शिकारीचा. मी म्हटलं वा, हे तर आपल्या शिव-शक्तीसारखंच झालं. तो म्हणाला, दिसतं तेवढं सोपं नाही.

मग मी दोन आठवडे मोबाईलवर हेच वाचत बसलो (बायको म्हणते बाटता की काय आता). हा पंथ फार जुना नाही. इंग्लंडातला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त सरकारी नोकरानं पुस्तक लिहून हे सगळं जगापुढं आणलं. आज इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ७४ हजार लोकांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं आहे. गार्डनरची मुख्य पुजारीण होती डोरीन व्हॅलिएंटे, त्यांच्या विधीत देवीचे म्हणून जे गाजलेले बोल आहेत ते तिच्याच हातचे. तर १९५७ च्या सुमारास दोघांचं बिनसलं. एक कारण म्हणजे गार्डनर पेपरवाल्यांना फार मुलाखती द्यायचा (तुम्ही मनावर घेऊ नका साहेब). मग त्यानं अचानक 'जुने नियम' म्हणून एक कागद काढला, त्यात असं की पुजारिणीचं वय झालं की तिनं आनंदानं तरुण बाईसाठी जागा सोडावी! डोरीनबाई ओळखून होत्या, नियम जुने नाहीत, कालपरवाचे आहेत. त्या निघून गेल्या. म्हणजे पहा, देवी पहिली, बाई पहिली, पण नियमांचा कागद कोणाच्या खिशात? मला माझी पळी आठवली.

पुढं अमेरिकेत झुझाना बुडापेस्ट या बाईनं १९७१ मध्ये फक्त बायकांचा गट सुरू केला, पुरुषांना बंदी. काही पुरुषांना ते लागलं. आपण कुठं जायचं मग? कोणी शिंगवाल्या देवाच्या नावानं पुरुषांच्या वेगळ्या बैठका सुरू केल्या, तर न्यूयॉर्कात एडी बुझिन्स्की यानं सत्तरच्या दशकातच समलिंगी पुरुषांसाठी वेगळी परंपरा उभी केली, कारण देव-देवीची जोडी हेच सगळ्याचं मूळ म्हटलं तर त्यांना त्यात जागाच उरत नव्हती. स्टारहॉक नावाची बाई, तिचं १९७९ चं पुस्तक तिकडं फार चाललं, तिनं पण सुरुवातीला ही स्त्री-पुरुष जोडी मांडली होती आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत स्वतःच लिहिलं की आता मी असं मांडणार नाही. हे मला आवडलं. आपल्याकडं असं कोण मागं घेतं?

मला स्वतःला ही जोडीची भाषा पटत नाही. ती आपल्याकडं पण आहे, अर्धनारीनटेश्वर म्हणून प्रवचनात सगळे माना डोलावतात आणि घरी येऊन पाणी मागतात. समतोल मूर्तीत असून काय उपयोग, कामात पाहिजे.

आणि आपल्या नागपुरात पहा. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. ईडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत महालातून, इतवारीतून आपण सगळे भाऊ लोक घसा फोडतो, मी पण फोडला आहे, मजा येते, खोटं कशाला बोलू. बाईचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायचा आणि आठ दिवसांनी चितारओळीतून देवीचे मुखवटे आणून पाटावर बसायचं, दोन्ही वेळी पुढं आपणच. मधलं काही नाही. म्हणजे आरडाओरडा आहे, वर्गणी आहे, ढोल आहे, डीजे तर आहेच, पण बापा माणसानं एकट्यानं देवाशी काय बोलावं ते कोणी शिकवलंच नाही. पोरींच्या भुलाबाईच्या खेळात भुलोजी, म्हणजे महादेव, तिच्या शेजारी बसलेला असतो, पण आम्ही पोरं फक्त खिरापतीसाठी जायचो.

एकच अपवाद मला माहीत आहे, माझे वडील. ते महाशिवरात्रीला पचमढीला जायचे, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या हजारावर पायऱ्या चढायचे. घरी एरवी तापट माणूस, ताट भिरकावणारा. तिथून आले की चार-पाच दिवस एकदम गप्प. रात्री अंगणात बसून महादेवाची गाणी म्हणायचे, हळू आवाजात, आणि म्हणता म्हणता रडायचे. आई आम्हाला घरात बोलवून घ्यायची, म्हणायची, राहू द्या त्यांना. मी एकदाही विचारलं नाही की बाबा वर काय झालं. त्यांनी पण सांगितलं नाही. आता ते नाहीत. तो गोरा म्हणत होता की त्यांच्याकडं पुरुष गोल करून बसतात आणि बापाबद्दल बोलतात, मला तेव्हा जरा नाटकीच वाटलं होतं. आता वाटत नाही.

तर पुढच्या वर्षी आंबील मी करणार आहे. बायकोनं परवानगी दिली आहे, पण म्हणाली आधी दोनदा रंगीत तालीम, महालक्ष्म्यांवर प्रयोग नको. साहेब, तुमच्यासाठी पण एक काम आहे. तुम्ही दरवर्षी महालक्ष्मी सजावटीची स्पर्धा घेता, त्या फॉर्मवर 'गृहिणीचे नाव' असा रकाना असतो. तेवढा बदलून टाका, मला माझं नाव लिहायचं आहे. आंबील जमली तर.

आपला,
एक जुना वाचक, मानेवाडा, नागपूर