नळाचं फडकं आणि नारू

संपादक साहेब,

परवा पाणी गढूळ आलं म्हणून नळाला फडकं बांधलं तर नातू हसला, म्हणे आजोबा आरओ आहे ना! त्याला नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग, हा शब्दच माहीत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत पेशंटचा पाय बुडाला की त्यातली नारूची मादी अळ्या सोडायची, त्या सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा खायचा, त्याच्या पोटात साधारण २ आठवडे वाढायच्या आणि ते पाणी कुणी प्यायलं की वर्षभराने पायातून मीटरभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर, बापरे. याला लस नाही की औषध नाही, पाणकिडा अडवून गाळायच्या कापडाने केवढं काम केलं बघा! भारतात शेवटचा पेशंट १९९६ चा, २००० साली देश नारूमुक्त. यावर एकदा छापा की सविस्तर.

- एक आजोबा, कोथरूड, पुणे