लंडनहून पत्र: म्युझियमचा दिवस कसा लावायचा

लंडन, ४ मार्च

ती. दादा व वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मुलांना डायनासोर बघायचेत, म्हणजे साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आलंच. प्रवेश फुकट आहे, पण वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढलेलं बरं. उघडतं १० ला, बंद ५:५० ला, शेवटचा प्रवेश ५:३०. मे महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा; इथल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि रांग रस्त्यावर येते.

आईचे गुडघे लक्षात घेता बसने या. पिकॅडिली लाइनवरून वर येताना पायऱ्या लागतात. म्युझियमचं क्रॉमवेल रोडचं मोठं दार फोटोत छान दिसतं, पण आईसाठी एक्झिबिशन रोडचं, कारण तिथे पायऱ्या नाहीत. आत शिरलात की समोर सोफी, म्हणजे स्टेगोसॉरस या डायनासोरचा सांगाडा. ८० टक्क्यांहून जास्त हाडं एकाच प्राण्याची सापडली, असं फार क्वचित घडतं. मुलांना दिवसभर एकच काम द्या: हे खरं हाड की साचा? बागेतला डिप्लोडोकस ब्राँझचा, टी. रेक्स मोटरवर हलणारा, सोफी मात्र बहुतांशी खरी. इथले विभाग रंगांनी ओळखतात; सोफीच्याच लाल विभागात जपानमधल्या १९९५ च्या कोबे भूकंपातल्या दुकानाची प्रतिकृती आहे, तिथे जमीन हलते. किल्लारी काय होतं, ते मुलांना तिथेच सांगा.

मग मधला मोठा हॉल. छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा २५.२ मीटर लांब, साडेचार टन, २२१ हाडं, जवळजवळ सगळी खरी. ही मादी १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्डला किनाऱ्यावर अडकली होती. जबडा उघडून ती खाली झेपावते आहे, भक्ष्याचा थवा गिळायला. खालून बघून मान दुखवू नका. जिन्याने किंवा लिफ्टने पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जा, डोकं जवळ येतं. तिथून कल्ला नीट बघा: दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग बोटं, आपल्या हातासारखीच रचना. बोटं मात्र चारच. निळा देवमासा कातडीसकट बघायचा तर निळ्या विभागात पूर्ण आकाराचं जुनं मॉडेल आहे, लाकूड आणि प्लास्टरचं; ते दालन उघडं असेल तर बघा.

वहिनी, तुमच्यासाठी खनिजांचं दालन. गर्दी नसते, बहुतेक लोक वळतच नाहीत. लाकडी कपाटं जुनीच आहेत आणि मांडणी रसायनाप्रमाणे, त्यामुळे देश शोधू नका, सिलिकेट गटाच्या खनिजांकडे जा आणि तिथे झिओलाइट नावाचे स्फटिक बघा. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं असेल तर ओळख लगेच पटेल. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत गरम पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक झाले: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट. जगभरच्या संग्राहकांना पुण्या-नाशकाच्या खाणींची नावं त्यामुळेच पाठ. लेबलांवर 'पूना' दिसतंय का, ते मुलांना हुडकू द्या. दालनाच्या टोकाला तिजोरीसारखी खोली आहे, त्यात मंगळावरून आलेला नाखला दगड. तो १९११ मध्ये इजिप्तमध्ये पडला. दिसायला काळपट खडा, लोक त्याला सोडून हिऱ्यांकडेच जातात!

डायनासोर शेवटी ठेवा. सकाळी सगळे आधी तिकडेच धावतात, म्हणून रांग. दुपारी साडेतीननंतर ओसरते. वाट एकाच दिशेने जाते, मध्ये काळोख आहे, आणि टी. रेक्स ओरडतो. छोटी घाबरली तर कडेवर घ्या, मागे फिरणं जमत नाही.

जेवणाचा डबा बागेत खा, आतलं कॅफे महाग. मोठ्या बॅगा आणू नका, दारावर तपासणीत वेळ जातो.

आणखी एक, दादा. सर्वांत वरच्या मजल्यावर सिकोया या अमेरिकेतल्या महाकाय झाडाचा प्रचंड आडवा काप आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोडलं तेव्हा झाड सुमारे १३०० वर्षांचं होतं. सालीपासून आत साधारण २१८ वर्तुळं मोजलीत की १६७४, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं साल. कडेची वर्तुळं दाट असतात, बोटाने हवेत मोजताना चुकतं; तिथल्या सालांच्या खुणांवरून अंदाज घ्या आणि तिथून पुढे मागे मोजा.

तारीख कळव, तिकिटं मी काढून ठेवते. आईला नमस्कार.

तुझी धाकटी,
मीनल