लिहिणाऱ्याला आधी वाचणारा हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून आपल्या सोलापूर शहरातील भाषाविषयक कार्यक्रमांत वाढ झाली आहे. २७ फेब्रुवारीच्या आसपास तर महाविद्यालयांत आणि वाचनालयांत ‘तरुणांनी लिहिते व्हावे’ हे आवाहन हमखास ऐकू येते. आवाहन योग्यच आहे. परंतु जी मुले-मुली आधीपासून लिहीत आहेत, वह्या भरत आहेत आणि त्या वह्या कपाटातील कपड्यांखाली दडवून ठेवत आहेत, त्यांच्याविषयी या व्यासपीठांवरून कोणी बोलत नाही. मी मराठीची शिक्षिका होते. निवृत्तीनंतरही अशा वह्या माझ्याकडे येत राहिल्या आहेत. त्या देताना मुलांच्या चेहऱ्यावर जो संकोच असतो आणि ‘मला खरेच लिहिता येते का’ हा जो प्रश्न त्यांच्या तोंडून हळूच बाहेर पडतो, त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

या प्रश्नाला आपण सहसा एकच उत्तर देतो : आत्मविश्वास बाळग. माझ्या मते हे उत्तर निरुपयोगी आहे. लिहिणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या शंका असतात आणि त्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की त्याला स्वतःलाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. एक शंका वाक्याविषयीची असते : हा शब्द बसला का, हा प्रसंग लांबला का, शेवट ओढूनताणून आणला का. ही शंका नसेल तर लेखन सुधारणारच नाही. ती मुलांकडे भरपूर असावी असेच मी म्हणेन. दुसरी शंका स्वतःविषयीची असते : आमच्यासारख्यांनी लिहावे का, आमच्या घरातले कोणी वाचेल का, वाचले तर हसतील का. हात थांबतो तो या दुसऱ्या शंकेने. आणि ही दुसरी शंका मुलांच्या मनात आपोआप उगवत नाही, ती बाहेरून पेरली जाते, असे माझे ठाम मत झाले आहे.

एक उदाहरण देते. शहराच्या पूर्व भागातील एका मुलीने मला कथा वाचायला दिली. तिची आई विड्या वळते. कथेत दुपारची वेळ आहे, आईच्या मांडीवर सूप आहे, कात्रीने पान कापता कापता ती दारातल्या शेजारणीशी बोलते आहे आणि बोलण्याबोलण्यातून घरातल्या मोठ्या मुलीचे शिक्षण थांबवण्याचा निर्णय होऊन जातो. कोणी आवाज चढवत नाही, कोणी रडत नाही, हातातली विडीसुद्धा खाली ठेवली जात नाही. वहीत शेजारणीच्या तोंडचे पहिले वाक्य ‘काय करूलालीस गं?’ असे लिहून खोडले होते आणि वर नीटस अक्षरात ‘काय करत आहेस?’ असे लिहिले होते. पुढची तीन पाने याच प्रकारे दुरुस्त केलेली होती. कारण विचारले, तर म्हणाली, “मॅडम, पुण्याकडचे लोक वाचले तर गावंढळ म्हणतील.” खोडलेल्या ओळींत ती शेजारीण जिवंत होती, दुरुस्त केलेल्या ओळींतली शेजारीण कोणत्याही गावची, कोणत्याही घरची झाली होती. मुलीला लिहिता येत होते, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु आपल्या घरचे बोलणे कागदावर यायच्या लायकीचे नाही, हे तिला कोणीतरी शिकवले होते, आणि तिने स्वतःच्याच हाताने कथेतील सर्वांत चांगला भाग पुसून टाकला होता.

सोलापुरात हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो. इथली कित्येक मुले घरी तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी बोलतात आणि मराठीत शिकून मराठीत लिहू पाहतात. तेलुगू घरातील मुलाच्या हातून लिंगाची चूक होते, कधी क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. त्याच्या पानावर लाल शाईच्या रेघा इतक्या उमटतात की तो त्या पानाकडे पुन्हा पाहत नाही. ज्याने आजोबांना यंत्रमागावर टॉवेल विणताना रोज पाहिले आहे, माग बंद पडल्याच्या दिवशी घरात पसरणारी शांतता ज्याला ठाऊक आहे, अशा मुलाला मी काय द्यायचे? लिंगाच्या चुका कोणताही शिक्षक बसल्या बैठकीला काढून देईल. त्याने पाहिलेले मात्र त्याच्यावाचून कोणी लिहू शकणार नाही. तरीही आपण चुका पाहतो आणि पाहिलेले वाचतच नाही.

वास्तविक हे शहर कधीच एका भाषेत लिहीत नव्हते. ज्यांच्या नावाची गड्ड्याची यात्रा आपण दर जानेवारीत भरवतो, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचने रचली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथेच जन्मलेले रामजोशी संस्कृत शिकलेल्या घरातले, आणि ते लावणी व तमाशाकडे वळले, म्हणजे त्या काळी प्रतिष्ठित मंडळी ज्या बोलीला नाके मुरडत होती तिच्याकडेच वळले. अगदी अलीकडचे सांगायचे तर त्र्यं. वि. सरदेशमुख यांनी पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्दळीपासून दूर, सोलापुरात राहून आयुष्यभर लिहिले आणि त्यांच्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००३ मध्ये, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी हे नाव ऐकलेले नसते. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या आणि २००६ मध्ये सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले होते, हेही त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्या गावात राहून, आपल्या गावाविषयी लिहून लेखक होता येते याचा पुरावा डोळ्यांसमोर असताना तो मुलांपासून लांब राहावा, याचे मला फार वाईट वाटते.

आता लेखन बाहेर पाठवल्यावर काय होते ते पाहू. दिवाळी अंकांसाठी साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मागवले जाते. मुलगा धीर करून कथा पाठवतो आणि मग काहीच होत नाही. नकारही येत नाही. अंक बाजारात येतो, त्यात आपले नाव नाही हे तो स्टॉलवर उभ्या उभ्या पाने उलटून पाहतो आणि घरी जातो. संपादकांकडे साहित्याचा ढीग असतो, माणसे अपुरी असतात, हे मला मान्य आहे. पण कथा वाचली गेली आणि आवडली नाही, की वाचलीच गेली नाही, हे कळण्याचा त्या मुलाकडे कोणताही मार्ग नसतो. आणि जिथे उत्तर नसते तिथे माणूस स्वतःविषयीचे सर्वांत कठोर उत्तर स्वतःच तयार करतो. विड्या वळणाऱ्या बायका माल घेऊन जातात, तेव्हा तिथेही काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. त्याचा त्यांना राग येतो, त्यावरून भांडणेही होतात; पण आपल्याला विडी वळता येत नाही असे म्हणत त्यातली एकही बाई घरी येत नाही, कारण कोणती विडी का काढली हे तिला समोर दिसलेले असते. लिहिणाऱ्या मुलाला एवढेही दिसत नाही.

यातून वाट म्हणून काही जण स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याने पैसे भरून पुस्तक काढले, त्याला ते छापण्यासारखे होते का हे कधीच कळत नाही, आणि ही टोचणी पुस्तक हातात आल्यावर कमी होत नाही, उलट वाढते, असे मी पाहिले आहे. प्रकाशन समारंभ होतो, शाल आणि श्रीफळ होते, वक्ते तोंड भरून स्तुती करतात, आणि बोलण्यावरूनच समजते की बहुतेकांनी पुस्तक उघडलेले नाही. समोरच्या रांगेत बसलेल्या लेखकालाही ते समजते. न वाचता केलेल्या स्तुतीने स्वतःविषयीची शंका मिटत नाही. ‘तिसऱ्या प्रकरणातली आजी मला पटली नाही’ असे म्हणणारा एक माणूस जरी त्या सभागृहात असता, तरी लेखक अधिक निश्चिंत मनाने घरी गेला असता, कारण निदान तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोणी पोहोचले आहे हे त्याला कळले असते.

यश मिळाले की ही भीती आपोआप जाईल, असेही मुलांना वाटते. तसे नसते. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांच्या अनुभवांवर लेख लिहिला. पदव्या, मानसन्मान, सहकाऱ्यांची दाद हे सारे असूनही त्या स्त्रियांना आपण लोकांना फसवत आहोत आणि आज ना उद्या उघडे पडू असे आतून वाटत होते. या अवस्थेला त्यांनी ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ असे नाव दिले. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. आपण एकटेच असे नाही, हे कळले की त्यांचा जीव थोडा हलका होतो. मात्र एवढ्यावर थांबणे मला बरोबर वाटत नाही. ज्या मुलीला वर्गात तिच्या बोलण्यावरून हसले गेले आहे, तिची भीती सगळीच मनाचा खेळ नसते. तिला तुझ्या मनात काही बिघडले आहे असे सांगण्यापेक्षा हसणाऱ्यांना थांबवणे अधिक गरजेचे आहे.

स्वतः लिहिणाऱ्याने काय करावे, याविषयी माझा अनुभव साधा आहे. ज्या दिवशी लिहायचे त्या दिवशी तपासायचे नाही. वही मिटून ठेवावी आणि मधे बरेच दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे आपलेच लेखन थोडे परके होते आणि त्यातील चूक जीवाला लागत नाही. त्यानंतर ते मोठ्याने वाचावे, आणि भिंतीसमोर नव्हे तर एका माणसासमोर वाचावे. हा माणूस विद्वान असण्याची गरज नाही. तो प्रामाणिक असावा आणि त्याला आपल्याकडून काही नको असावे. कुठे तो जागचा हलला, कुठे त्याने मान वर केली, कुठे ‘मग पुढे?’ म्हणाला, हे लक्षात ठेवावे. त्या विडीच्या कथेची दोन्ही रूपे मी त्या मुलीला तिच्या मैत्रिणीसमोर वाचायला लावली. ‘काय करूलालीस गं?’ हे वाक्य येताच मैत्रीण ताठ बसली आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. दुरुस्त केलेले रूप वाचताना तिने मधेच पाणी प्यायला मागितले. मला एक शब्दही बोलावा लागला नाही; खोडलेल्या ओळी त्या मुलीने तिथेच पुन्हा लिहून काढल्या. तिच्या मनात स्वतःविषयी असलेली शंका त्या दुपारी संपली असा माझा दावा नाही. पण त्या तीन पानांविषयी तिच्या हाती आता काही ठोस होते.

म्हणून माझी मागणी भाषणांची नाही, वाचणाऱ्यांची आहे. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी, लोकांनी जपलेली ठिकाणे आहेत. अशा वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ केवळ कच्च्या लेखनासाठी राखून ठेवावी : हार नाहीत, अध्यक्ष नाहीत, सूत्रसंचालन नाही, पाच-सात माणसे आणि एक कथा. तेलुगू, कन्नड आणि उर्दू जाणणारे वाचकही तिथे असावेत, म्हणजे घरातला शब्द मराठी कथेत आला तर मुलाला तो लपवावा लागणार नाही. महाविद्यालयांतील माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की विद्यार्थ्याच्या कथेत किंवा कवितेत लाल शाई चालवण्याआधी, त्यातील कोणती ओळ आपल्याला थांबवून गेली ते समासात लिहावे आणि मग खुशाल चुका दाखवाव्यात. संवादातील बोली ही चूक नव्हे, हेही त्यांनी वर्गात स्पष्टपणे सांगावे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. आपल्या रविवार पुरवणीकडे जे साहित्य येते त्यातील पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना, लेखन स्वीकारले नाही तरी, दोन ओळींचे उत्तर जावे. ‘सुरुवात चांगली, शेवट घाईचा’ एवढेही पुरेसे आहे. आपल्या कार्यालयात त्यासाठी मनुष्यबळ नसेल, याची मला कल्पना आहे. सोलापुरातील निवृत्त भाषा शिक्षकांपैकी काही जण हे काम विनामोबदला करण्यास तयार आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे. शनिवारी दुपारी आम्ही आपल्या कार्यालयात येऊन आलेले साहित्य वाचू, प्रत्येकावर उत्तर लिहू आणि स्वीकारण्या-नाकारण्याचा निर्णय अर्थातच आपल्याकडे ठेवू. आपली संमती असेल तर जूनपासून, म्हणजे दिवाळी अंकांचे लेखन सुरू होण्याच्या सुमारास, ही व्यवस्था सुरू करता येईल. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सोलापूर