अकराशे रुपयांचं देणं

अमळनेर
18 मे

प्रिय नाना,

कसा शे भाऊ? दिवाळीपासून माझा फोन नाही, तुझ्या मेसेजला नुसता अंगठा. कबूल. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर घाल. आम्ही बरे आहोत. आईची शुगर वरखाली, माझी कंबर होती तशीच. ऊन असं की दुपारी बाहेर कुत्रंही दिसत नाही.

परवा ताईचा पोरगा सुट्टीला आला, काखेत विमान घेऊन. रिमोटवर उडणारं, फोमचं, तीन सेलच्या लिथियम बॅटरी-पॅकवरचं, आपलं होतं अगदी तसं. पॅक चार्जरला लावला की चार्जर ओरडून बंद. पडद्यावर पहिला सेल 4.02 व्होल्ट, दुसरा 2.91, तिसरा 5.13. भाचा म्हणतो, "मामा, मधला सेल गेला."

नाना, पोटात गोळाच आला. बोरी नदीच्या पात्रातली ती संध्याकाळ आठवली. तू "अजून एक फेरी" म्हणालास, रात्री खोलीवर चार्जर असाच ओरडला, आणि मी निकाल देऊन मोकळा: नान्याने जास्त उडवून सेल मारला. तू म्हणत होतास, मीटर लावून बघ. मी म्हणालो, चार्जर काय खोटं बोलेल?

या वेळी मीटर लावला. लिथियमचा सेल 4.2 व्होल्टला भरतो, त्याच्या फार वर ढकलला तर फुगतो, पेटतो. 5.13 वरचा सेल असा थंड, सपाट पडून राहीलच कसा? पॅकच्या दोन जाड मुख्य वायरींवर मोजलं तर 12.06. म्हणजे बेरीज बरोबर, वाटणी चुकलेली. दोन भावांच्या वावरातला बांध सरकला की एकाचं कमी दिसतं, दुसऱ्याचं जास्त, जमीन तेवढीच असते. इथे बांध म्हणजे चार्जरला प्रत्येक सेलचा आकडा देणाऱ्या पांढऱ्या छोट्या प्लगातली तिसरी वायर, दुसऱ्या नि तिसऱ्या सेलच्या मधून निघणारी. ती तुटली की चार्जर त्या दोन सेलचे भलतेच आकडे दाखवतो.

पॅकचं वरचं आवरण थोडं चिरलं. वायरी जिथे डाग देऊन बसवल्यात तिथे काळ्या वायरीपासून मोजत गेलो: 4.02, 8.04, 12.06. तिन्ही सेल ठणठणीत. प्लगाच्या तोंडाशी मात्र तिसऱ्या पिनवर आकडा नाचत होता, वायर वाकवली की येई, सोडली की जाई. मग एकेक वायर हलकेच ओढली. बाकीच्या ताठ, ही मात्र प्लगापासून बोटभर अंतरावर रबरासारखी ताणली गेली. वरून इन्सुलेशन शाबूत, आतली तार तुटलेली!

जोडताना एकच वायर कापली, बाकीच्या उघड्या टोकांना टेप. पॅक जिवंतच असतो, दोन वायरी एकमेकींना लागल्या की ठिणगी. डाग छान बसला. मग लक्षात आलं, जोडावर चढवायची नळी, स्लीव्ह, आधी सरकवायची राहिली. हस. तोडून पुन्हा केलं. आई दारातून बघत होती, म्हणाली, "तुनी बॅटरी फुगेल शे का तुनं डोकं?"

चार्जरवर तिन्ही सेल 4.02. भाचा खूश. त्याने पॅक चार्जरवरून काढला, कसा? प्लग धरून नाही, वायरी धरून हिसकला. मी ओरडलो, तर म्हणतो, "तूच तर असा काढतो."

नाना, खोलीवर तू रोज बोंबलायचास, वायरी धरून ओढू नको, वायरी धरून ओढू नको. मी म्हणायचो, तू माझी सासू आहेस का?

आपला पॅक आपण बादलीत मिठाच्या पाण्यात बुडवून फेकून दिला, त्यामुळे पुरावा काही उरला नाही. पण तोही सपाट होता, हे मला स्वच्छ आठवतं. फुगला नव्हता. तू त्या रात्री बोटाने दाबून दाखवलंही होतंस. बावीसशेचा पॅक, निम्मे अकराशे मी तुझ्याकडून घेतले, तेही तुझ्या मेसच्या पैशातून. वर दोन महिने बोललो नाही. तू पंधरा दिवस रात्री केळी आणि शेंगदाण्यावर काढलेस आणि मला ते पोऱ्यांकडून कळलं. तेव्हा मला त्याचं समाधानच वाटलं होतं, तेही लिहून टाकतो.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार. छकुली आता चालायला लागली असेल. नव्या नोकरीत बॉस कसा आहे, ते फोनवर सांग.

अकराशे पाठवतोय. परत पाठवशील तर पुन्हा भांडण. व्याज म्हणून हिवाळ्यात ये, मळ्यात काड्यांवर वांगी भाजू, भरीत नि कळण्याची भाकरी. वांगी मीच भाजणार, तुझी मागच्या वेळी कच्ची राहिली होती.

तुझा,
पक्या

ता. क. पॅक उन्हात ठेवायचा नाही म्हणून भाच्याने तो माठाशेजारी ठेवलाय. आज सकाळी पुन्हा वायर धरूनच उचलला.