कादंबरी अर्ध्यात का थांबवली?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या शनिवारी साताऱ्यात एका नामवंत कवी-कादंबरीकाराचं जाहीर वाचन होतं. त्यांचं नाव लिहीत नाही कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच, आणि आयोजकांचंही नको, मंडळी पदरमोड करून कार्यक्रम घेतात हे मला माहितीये.

मी आईला घेऊन गेलो होतो. काचबिंदूनं तिची नजर गेलीये, वाचन बंद होऊन चार वर्षं झाली. कार्यक्रम साडेपाचचा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांचाही सत्कार, असं करत पाहुणे माईकपाशी आले तेव्हा सव्वासात झालेले. आधी चार कविता वाचल्या. गाऊन नाही, हातवारे नाहीत, साधं बोलल्यासारखं, आणि ओळ संपली की असे थांबायचे की ते थांबणंसुद्धा ऐकू यायचं.

मग कादंबरी काढली तसे मागचे काही जण उठले. दुष्काळात बैल विकायला बाजाराला निघालेला पोरगा, सोबत चुलता. बाजारात व्यापाऱ्यानं चुलत्याच्या हातावर टॉवेल टाकला, आत बोटं धरली, भाव ठरायला लागला, पोरगं नुसतं चुलत्याच्या तोंडाकडं बघतंय... आणि तेवढ्यात टेबलावर चिठ्ठी आली, वेळ संपली. पाहुण्यांनी शांतपणे पुस्तक मिटलं. त्यानंतर अध्यक्षीय भाषण पाऊण तास चाललं, त्याला कुणी चिठ्ठी दिली नाही.

लोक म्हणतात कविता ऐकतील पण कादंबरी कोण ऐकत बसणार. अहो आपल्याकडं चातुर्मासात गावोगाव पोथी लागायची, हरिविजय, पांडवप्रताप, रोज रात्री एक-दोन अध्याय, बायाबापड्या दिवसभर रानात राबून यायच्या आणि ऐकत बसायच्या, उद्याचा अध्याय चुकू नये म्हणून पाहुण्याकडं मुक्काम नाही करायच्या. माझी आई त्यातलीच. ऐकायची सवय आपल्याला होतीच की, आपणच ती मोडतोय.

९९ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन साताऱ्यात झालं, १९९३ नंतर पहिल्यांदाच, त्याचा अभिमान आहेच. पण आता महिन्यातून एक संध्याकाळ नुसत्या वाचनाला द्या, सत्कार नको, हार नको, एक खुर्ची, एक माईक, आणि वाचणाऱ्याला पूर्ण दीड तास. लेखक नाही मिळाला तर चांगलं वाचणारं कुणीही चालेल. सुरुवात मर्ढेकरांपासून करा, त्यांचं मूळ गाव मर्ढे इथून जवळच, कवी म्हणून सगळे ओळखतात पण 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती', 'पाणी' या त्यांच्या कादंबऱ्या आपल्यातल्या किती जणांनी उघडून बघितल्यात? आणि माणूस आकाशवाणीत नोकरीला होता, म्हणजे शब्द कानावर कसा पडतो हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

ती बैलाची कादंबरी मी दोन दुकानांत विचारली, मिळाली नाही, मागवलीये. आई मात्र रोज सकाळी चहा घेताना विचारते, "मग किती भाव आला रं त्या बैलाला?"

आपला,
एक वाचक, सातारा