फॉरमॅट करायची घाई नको

रामबाग, इंदूर

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. भाच्याच्या पेन ड्राइव्हवरून व्हायरस आला, तो काढला तरी कम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि दुकानदार फॉरमॅट करू म्हणतो, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू म्हणतो, असं लिहिलं आहेस. आधी काळजी वाटली ती काकांच्या रेकॉर्डिंगची. कॅसेटवरून एवढ्या कष्टानं उतरवलेल्या त्यांच्या शिकवण्या, यमनचा एकेक आलाप शिष्याकडून घोटून घेणं, सगळं त्याच कम्प्युटरवर आहे ना? मग दुकानदार म्हणाला म्हणून लगेच फॉरमॅट करू देऊ नकोस.

बाहेरची हार्ड डिस्कसुद्धा आत्ताच लावू नकोस. पेन ड्राइव्हवरून आलेले व्हायरस नव्या डिस्कवरही जाऊन बसतात. आधी विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालव. कम्प्युटर बंद होऊन परत सुरू होईल आणि विंडोज पुरतं जागं होण्याआधीच तपासणी होईल. पंधराएक मिनिटं लागतील. कम्प्युटर निर्मळ निघाला की डिस्क लाव आणि फक्त गाण्याच्या फाइली उतरवून घे, आणि त्यातल्या दोन-चार लावून ऐक. भाच्याच्या पेन ड्राइव्हवरून आलेले ते शॉर्टकट मात्र नकोत.

आता तुझा खरा प्रश्न. व्हायरस गेला, तरी चालू व्हायला इतका वेळ का? बाळू, अँटीव्हायरस मूळ फाइल उडवतो, पण 'विंडोज सुरू झालं की मला चालव' अशी जी नोंद व्हायरसनं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) किंवा टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) करून ठेवलेली असते, ती कधीकधी तशीच राहते. भाडेकरू जागा सोडून जातो, तरी त्याच्या नावाची पत्रं येतच राहतात, तसं ते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ऑटोरन्स नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते उतरव. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे. उरलेल्यांत पिवळ्या रंगाच्या ओळी दिसल्या, तर तिथली फाइल जागेवर नाही असं समज. नोंद पुसू नकोस, नुसती टिक काढ, म्हणजे चुकलंच तर परत लावता येईल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलंस की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप'खाली प्रिंटरवाले, चॅटवाले, कोण कोण उठून बसतात ते दिसेल. नको ते बंद कर. आणि हो, घाबरून तू दुसरा अँटीव्हायरसही टाकलास असं लिहिलं आहेस. दोन एकाच वेळी पहारा द्यायला लागले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. एक काढून टाक, आजच.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघ. सुरू झाल्यावर बराच वेळ तो १०० टक्क्यांवर अडकून राहिला, तर मला संशय जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. मग एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क घालावी, दुसरा इलाज नाही. इथे आरएनटी मार्गावर कम्प्युटरची दुकानं आहेत. डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला येणारच आहे, तेव्हा घेऊन येईन.

फॉरमॅट मी एकाच वेळी सुचवेन: ऑफलाइन स्कॅनमध्ये तोच व्हायरस पुन्हा पुन्हा सापडला तर. पण रेकॉर्डिंग सुरक्षित निघाल्यावरच. शिवाय तुझं विंडोज १० आहे, त्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्यानं टाकायचीच वेळ आली, तर तुझा कम्प्युटर विंडोज ११ घेतो का ते आधी बघू.

बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मात्र दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदल, आणि हे या सगळ्याच्या आधी कर.

रविवारी सकाळी फोन कर, कम्प्युटर समोर घेऊन बस. ऑटोरन्समधल्या ओळी तू वाचून दाखव, कोणती ठेवायची ते मी सांगतो. काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
दिनू